एकशे तीसच्या आत

दुबईच्या सायकल दुकानाने दोन फॉर्म पाठवले होते. ह्यांचा फॉर्म भरायला मी तासभर घेतला आणि माझा तीन मिनिटांत भरून टाकला. सगळा घोटाळा तिथेच झाला होता, पण तो कळायला मला वाळूत आडवं पडावं लागलं.

हे म्हणजे माझा नवरा. वय छप्पन्न, तब्येत कुणी विचारली तर चिडणारे. बनशंकरीत आमचं घर आहे आणि सासर-माहेर दोन्हीकडची माणसं पिढ्यानपिढ्या बंगळूरचीच. आमच्या घरातली मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक तोंड लपवून हसतात, कारण दर दोन वाक्यांत ‘थोडं’च्या जागी कानडी ‘स्वल्प’ नाही तर ‘बरं’च्या जागी ‘सरी’ येतंच. हसू देत. दर रविवारी पहाटे सायकल काढायची, कनकपुरा रस्त्याने चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊन यायचं, येताना इडली खायची आणि घरी येऊन मला आज वारा कुठल्या दिशेचा होता ते सांगायचं, असा ह्यांचा पंधरा वर्षांचा नेम. मला वाऱ्याचं काय? मी हूं हूं म्हणत भाजी चिरायची.

दुबईला जायच्या अकरा महिने आधी अशाच एका रविवारी सायकलवर असताना त्यांच्या छातीत कळ आली. वीस मिनिटं ते रस्त्याकडेला पडून होते. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने उचलून इस्पितळात नेलं म्हणून वाचले. त्या वेळी मी स्वयंपाकघरात चटणी वाटत होते. फोन दोनदा वाजला आणि मिक्सरच्या आवाजात मला ऐकूच आला नाही. मी अजून स्वतःला ते माफ केलेलं नाही.

स्टेंट बसला, औषधं सुरू झाली, आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवायला हरकत नाही, फक्त हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे तीसच्या आत ठेवा. त्यासाठी छातीला बांधायचा एक पट्टा मिळतो. पट्टा ठोके मोजतो आणि हँडलवर लावलेल्या छोट्याशा स्क्रीनवर आकडा दाखवतो. हे म्हणाले, स्क्रीन माझ्या हँडलला लावू.

“नाही,” मी म्हटलं, “माझ्या हँडलला.”

“तुझ्या? तुला सायकल कुठे येते?”

“शिकेन. तुमच्या हातात आकडा दिला तर तुम्ही त्याच्याशी घासाघीस करणार. एकशे अडतीस झाले तरी म्हणाल, तीसच्या आसपासच आहे की.”

ते पेपर उघडून बसले, म्हणजे मी बरोबर होते.

तर अशी मी त्रेपन्नाव्या वर्षी रोड बाइकवर बसले. लहानपणी साधी सायकल चालवली होती आणि स्कूटरवर तर माझी तीस वर्षं गेली आहेत. बनशंकरी ते कोरमंगला, रोज ऑफिसला जाऊन-येऊन. पण रोड बाइक वेगळी. टायर बोटाएवढे, हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, आणि वर बसलं की आपण आता तोंडावर आपटणार याची खात्रीच वाटते. ऑफिसजवळच्या एका दुकानात अशा सायकली भाड्याने मिळतात, तिथून महिनाभरासाठी एक घेतली. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “अक्का, स्कूटर चालवता ना? मग झालं. ब्रेक अगदी तसेच. उजवा हात पुढचा, डावा हात मागचा.”

तेवढं एक बरं होतं. तीस वर्षांत गाय, ऑटो, शाळेची मुलं, कोण कोण समोर आलं, आणि दर वेळी माझ्या डाव्या हाताने आपणहून मागचा ब्रेक दाबला. त्या हाताला कधी विचारावं लागलं नाही.

सकाळी आम्ही दोघं निघायचो. हे पुढे, मी मागे. माझी नजर स्क्रीनवर. एकशे दहा, एकशे पंधरा, एकशे बावीस. पंचवीसच्या पुढे गेला की मी मागून ओरडायची, “अहो, स्वल्प सावकाश!” रस्त्यावरची माणसं वळून बघायची. ह्यांची पाठ ताठ व्हायची आणि पाय मंदावायचे. पट्टा आणि स्क्रीन यांच्यात पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त अंतर पडलं की आकडा जायचा आणि त्या जागी दोन आडव्या रेघा यायच्या. त्या दोन रेघा मला बघवत नसत. मी धापा टाकत पायडल मारायची आणि आकडा परत आला की मगच श्वास घ्यायची. हे एकदा म्हणाले, “तुझे ठोके मोजायला हवेत.” मी हसले नाही.

दुबईचं निमित्त होतं ह्यांच्या भाचीच्या मुलाचं बारसं. तिथे शहराबाहेर वाळवंटात फक्त सायकलींसाठी बांधलेला रस्ता आहे आणि तोंडाशीच सायकली भाड्याने मिळतात, ही बातमी ह्यांनी कुठून शोधून काढली देव जाणे. दुखण्यानंतर पहिल्यांदाच ते कशासाठी तरी एवढे उत्सुक झाले होते. माझ्याच्याने नाही म्हणवेना. मी फक्त अट घातली: मी मागे असणार, स्क्रीन माझ्याकडे असणार.

मग ते फॉर्म आले. ह्यांना भिंतीला टेकवून उभं केलं, दोन पायांच्या मध्ये टेलिफोनची जुनी जाड डिरेक्टरी वर सरकवून धरली, पेन्सिलीने खूण केली आणि पायाची लांबी टेपने तीनदा मोजली. सीटची उंची, हँडलचं अंतर, सगळं त्यांच्या सायकलीवरून उतरवून घेतलं. शेवटी एक रकाना होता, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला हवा. तिथे आधीच ‘डावा’ लिहून आलं होतं. बाहेरच्या देशांत तसं असतं, असं हे म्हणाले. मी तो खोडून ‘उजवा’ केला आणि दोनदा तपासला. ह्यांच्या जिवाशी खेळ नको. मग माझा फॉर्म उघडला, उंची घातली, वजन दोन किलो कमी घातलं आणि पाठवून दिला. शेवटच्या रकान्यापर्यंत मी गेलेच नाही.

बारसं झालं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टॅक्सीने आम्ही त्या दुकानापाशी उतरलो. आठवड्याचा मधला दिवस होता, गर्दी अजिबात नव्हती. दुकानातल्या माणसाने ओळखपत्र मागितलं. पासपोर्ट भाचीच्या घरी राहिले होते. आता परत कोण जाणार? ह्यांनी सरळ खिशातला फोन काढून काउंटरवर ठेवला. “तारण,” मला म्हणाले, आणि कोण खूश झाले! बंगळूरच्या शिवाजीनगरात लहानपणी तासाच्या बोलीवर सायकल घ्यायची तर दुकानदाराकडे काहीतरी ठेवून जायची पद्धत होती. कुणी घड्याळ ठेवी, कुणी चप्पल. हे आपली कंपासपेटी ठेवायचे. त्या माणसालाही गंमत वाटली असावी, त्याने फोन ठेवून घेतला. माझ्याकडे माझा फोन होता, म्हणून मीही काही बोलले नाही.

मी त्या वेळी ह्यांचा शर्ट वर करून पट्टा नीट बसला आहे का ते बघत होते. त्याच वेळी दुकानातला माणूस माझी सायकल धरून हिंदीत सांगत होता की मॅडम, तुमचा पुढचा ब्रेक डावीकडे आहे, लक्षात ठेवा. मी ते ऐकलं. अगदी शब्द न् शब्द ऐकला. आणि पट्ट्यावरची नजर न काढता म्हणाले, “सरी, सरी.”

रस्ता सुरेख होता, मान्य करायला हवं. काळाभोर, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना फिक्या रंगाची वाळू, मधूनमधून खुरटी झुडपं. खड्डा नाही, कुत्रं नाही, हॉर्न नाही. बंगळूरच्या माणसाला असा रस्ता दिला तर तो बिघडणारच. हे पुढे जाताना गुणगुणत होते. आकडा एकशे आठवर. मीसुद्धा क्षणभर विसरले की आपण पहाऱ्यावर आहोत.

“वारा पाठीशी आहे,” हे मागे वळून ओरडले. “येताना तोंडावर येईल. म्हणून सहा किलोमीटरवर परत फिरू.”

आयुष्यात पहिल्यांदा मी वाऱ्याकडे लक्ष दिलं. येताना तोंडावर म्हणजे पायांवर जोर, आणि जोर म्हणजे ठोके. मी त्यांच्या आणखी जवळ गेले, त्यांच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. आकडा नीट दिसायला हवा होता. एकशे सोळा. एकशे एकवीस. थोडा चढ लागला. एकशे सत्तावीस. त्यांचं गुणगुणणं थांबलं होतं. एकशे एकोणतीस. मी रस्त्याकडे बघतच नव्हते. एकशे बत्तीस.

“अहो! स्वल्प सावकाश!”

आणि ह्यांनी ऐकलं. संसारातल्या एवढ्या वर्षांत पहिल्या हाकेला, तिथल्या तिथे, पाय थांबवले. त्यांचं चाक माझ्या चाकावर आलं. माझ्या डाव्या हाताने तीस वर्षं केलं तेच केलं, ब्रेक घट्ट दाबला. पुढचं चाक जागच्या जागी गोठलं आणि मी हँडलवरून उडून रस्त्याच्या कडेला आपटले.

कसलातरी कडकन आवाज झाला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, पण ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की उठून बसलं की डोळ्यांपुढे काळोख येतोय आणि परत आडवं व्हावं लागतंय. ह्यांनी दोनदा मला धरून उभं करायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मी त्यांच्या अंगावर ओकारी काढत खाली बसले. माझा फोन पाठीच्या खिशात होता. तो माझ्याखाली सापडून चक्काचूर झाला होता. त्यांचा फोन सहा किलोमीटर मागे, दुकानाच्या काउंटरवर.

“कंपासपेटी ठेवायची होतीत,” मी म्हणाले. मला वाटतं मी खूप रागावले होते. स्वतःवर, पण समोर तेच होते.

आम्ही दहा मिनिटं वाट पाहिली. रस्ता दोन्हीकडे रिकामा. सूर्य चांगलाच वर आला होता आणि डांबराची धग लागायला लागली होती. ह्यांनी आपलं जॅकेट माझ्या डोक्याखाली सरकवलं, दोन्ही पाण्याच्या बाटल्या माझ्याजवळ ठेवल्या आणि सायकल उचलली.

“नाही,” मी म्हणाले. “कुणीतरी येईल.”

“कुणी येत नाहीये. ऊन बघ.”

“वारा तोंडावर आहे. तुम्हीच म्हणालात.”

“मी सावकाश जाईन.”

“तुम्ही सावकाश जात नाही. मला माहीत आहे तुम्ही कसे जाता.”

ते माझ्याजवळ खाली बसले. “अगं, त्या दिवशी मी वीस मिनिटं पडलो होतो ना,” ते म्हणाले, “तेव्हा दुखत होतं त्याचं काही नाही. पण कुणीतरी येतंय का, एवढंच कान देऊन ऐकत होतो. तुला मी तसं ठेवणार नाही.”

त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. मी म्हणाले, “एकशे तीस.” ते म्हणाले, “एकशे तीस,” आणि पाणी घोटभरही न घेता निघाले.

माझी सायकल शेजारी आडवी पडली होती. स्क्रीनला काही झालं नव्हतं. मान वळवली की ती अगदी डोळ्यांसमोर येत होती. एकशे चोवीस. एकशे एकोणतीस. एकशे सदतीस. मी ओरडले, पण वारा माझ्याच तोंडावर आवाज परत टाकत होता. मग दोन रेघा आल्या.

स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. सात वाजून बारा मिनिटं. मी हिशेब मांडला. सांगितल्यासारखे सावकाश गेले तर वाऱ्यात पंचवीस मिनिटं. तिथून गाडी निघून इथे यायला दहा. म्हणजे पावणेआठ, सात अठ्ठेचाळीस. त्याआधी आले तर समजायचं की त्यांनी ऐकलं नाही. त्यानंतरही आले नाहीत तर काय समजायचं, ते मी मनात येऊ देत नव्हते.

सात वीस. खांद्यात कुणीतरी सळई फिरवत होतं. कानात वाळू जात होती. सात सव्वीस. मला कनकपुरा रस्ता दिसायला लागला, दुधाचा टेम्पो, आणि इथे वाळवंटात दुधाचा टेम्पो कुठून येणार, असं मी मोठ्याने म्हणाले. एका हरणाने लांबून माझ्याकडे पाहिलं आणि ते निघून गेलं. सात एकतीस. वाटेत ते कुठे पडले असतील तर मला कधी कळणार? कळणारच नव्हतं. ते पडले असते तर दोन रेघा, पोचले असते तरी दोन रेघा. एवढे महिने मी त्या आकड्याला घट्ट धरून बसले होते, जणू मी बघतेय तोवर त्यांचं हृदय थांबायला धजणार नाही. आणि आता मी बघतच बसले होते आणि तिथे काहीच नव्हतं. मी मारुतीला नवस बोलले, बनशंकरी देवीला बोलले. शेवटी कुणालाच काही न बोलता रडले, कारण मला भयंकर भीती वाटत होती. हाडाची नाही. मी ह्यांना स्वतःच्या हाताने त्या वाऱ्यात पाठवलं होतं. एक रकाना नीट वाचला असता तर पाठवावं लागलं नसतं.

सात छत्तीसला रेघा हलल्या.

मला गाडीचा आवाज आला नव्हता, वाऱ्यात ऐकूच आला नाही. माझं तोंड स्क्रीनकडे होतं आणि रस्त्याकडे मान वळवायला घाबरत होते. स्क्रीनवर आधी एक टिंब लुकलुकलं, मग आकडा आला. एकशे एक्कावन्न. डॉक्टरांनी तो आकडा पाहिला असता तर आम्हा दोघांना घराबाहेर पडायची बंदी केली असती. मी तो पाहिला आणि माझ्या तोंडून हसू आणि रडू एकदमच फुटलं. एकशे अठ्ठेचाळीस. पावलं वाजली. एकशे त्रेचाळीस.

“फार दुखतंय का गं?” ह्यांनी वरून वाकून विचारलं. तोंड लाल, शर्ट घामाने चिकटलेला, ओठांवर वाळू.

“हो,” मी म्हणाले. खरं दुखणं कुठलं ते नंतर सांगू म्हटलं. एकशे सदतीस.

इस्पितळात मी डॉक्टरांना म्हटलं, आधी ह्यांना बघा. त्यांना वाटलं माझ्या डोक्याला मार लागलाय. मी हटूनच बसले तेव्हा त्यांनी ह्यांचा ईसीजी काढला. सगळं ठीक होतं. नंतर माझा हात गळ्यात बांधला आणि दोन दिवसांनी आम्ही बंगळूरला परत आलो. बनशंकरीत शेजारणींनी विचारलं तेव्हा उंटावरून पडले असं सांगितलं. सायकलवरून पडण्यापेक्षा ते बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी रविवारी पहाटे हे सायकलचे कपडे घालून माझ्यासमोर उभे राहिले. माझा हात अजून झोळीत होता, मागे जायचा प्रश्नच नव्हता. हातात पट्टा होता आणि चेहरा परवानगी मागायला आलेल्या माणसाचा. मी काय म्हणणार ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

“पट्टा बांधा,” मी म्हणाले.

त्यांनी बांधला. मी एका हाताने कपाट उघडलं, स्क्रीन बाहेर काढली आणि त्यांच्यापुढे धरली. ती दुबईहून आल्यापासून मी कपड्यांखाली ठेवली होती.

“तुमच्या हँडलला लावा. आकडा तुम्हीच बघा.”

त्यांनी ती घेतली आणि उलटसुलट करून पाहिली, जणू काही बिघडलं असावं. “आणि तू?”

“मी चटणी वाटते. मिक्सर दार उघडं ठेवून चालवीन, फोन खिशात ठेवीन. सावकाश जा.”

“एकशे तीस,” ते म्हणाले.

गेट लागल्याचा आवाज आला. मी खोबरं काढलं, मिरच्या काढल्या, आणि पुढचे दोन तास मिक्सरचं बटण काही माझ्याच्याने दाबवलं नाही. साडेआठला गेट वाजलं. हे आत आले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, “आज वारा पूर्वेचा होता.”

मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, “सांगा. जाताना तोंडावर होता की येताना?”